साथीच्या काळातील बालकर्करोग विभाग : काही नोंदी

(देणगीदार व पालक यांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात बालकर्करोग विभागाविषयी त्या विभागातील वरिष्ठ डॉक्टर बोलतात. यंदा विश्वस्त मंडळाने ते काम माझ्याकडे सोपविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधांची नावे मला बिलांवरून पाठ झाली आहेत. ती शरीरात जाऊन काय करतात, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले तेवढेच मी जाणतो. तरीही मला नकार देववला नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोविडच्या साथीने लहान मुलांच्या कर्करोगावरील उपचारांची आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांची काय अवस्था केली, हा आजचा विषय आहे, आणि त्यातील बराच भाग रुग्णालयाच्या कार्यालयातून, हिशेबाच्या टेबलावरून अधिक स्पष्ट दिसत होता. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर लोक तो विषय विसरू लागले, हे स्वाभाविकच आहे. आमच्या वह्यांमध्ये मात्र ती दोन वर्षे अजून ठळक दिसतात.

नव्या देणगीदारांसाठी आजाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मोठ्या माणसांच्या कर्करोगाबद्दल बोलताना आपण तंबाखू, मद्य, सवयी यांचा उल्लेख करतो. मुलांच्या कर्करोगाशी यांचा संबंध नसतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत आजार का झाला याचे उत्तर मिळतच नाही. म्हणून तो टाळण्याचा उपायही हाती नाही. वेळीच ओळखणे आणि उपचार तडीस नेणे एवढेच काय ते शक्य आहे. जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना व किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात; गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. मुख्य औषधे बव्हंशी जुनी, परिचित आणि दोन्हीकडे सारखीच आहेत. आपल्यासारख्या देशांत निदान उशिरा होते आणि उपचार अर्ध्यावर सुटतात, हे या तफावतीचे एक फार मोठे कारण. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत जगभरातील किमान ६० टक्के मुले वाचविण्याचा संकल्प सोडला. त्याला दोन वर्षे होतात न होतात तोच साथ आली.

मुलांमध्ये सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा, लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचा उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिल्या महिन्याभराच्या औषधांनीच बहुतेक मुलांच्या रक्तातील आजार सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनासा होतो. मूल खेळू लागते, गालावर रंग चढतो आणि घरच्यांना वाटते की आता बरे झाले. परंतु तेथे थांबल्यास आजार परततो, आणि परतलेला आजार अधिक हट्टी असतो. म्हणून पुढे ठरलेल्या तारखांना शिरेतून औषधे, पाठीच्या मणक्यातून इंजेक्शने, नंतर दीर्घकाळ रोजची एक गोळी, आठवड्याची दुसरी गोळी, आणि त्या गोळ्यांचे प्रमाण ठरविण्यासाठी वारंवार रक्ततपासणी. या उपचारात तारीख हेही एक औषधच आहे, असे आमच्या विभागप्रमुख पालकांना पहिल्याच दिवशी सांगतात. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा या तारखांवरच पहिला आघात झाला.

आपल्याकडे येणारी मुले बहुतांशी जिल्ह्याबाहेरची. रेल्वे थांबली, एसटी थांबली. कर्करोगाच्या रुग्णास प्रवासभाड्यात सवलत आहे खरी, परंतु न धावणाऱ्या गाडीत सवलत काय कामाची! आंतरजिल्हा एसटी सुरू व्हायला २० ऑगस्ट उजाडला, आणि जिल्हा ओलांडण्यासाठी लागणारा ई-पास २ सप्टेंबरपर्यंत होता. तोवरच्या पाच महिन्यांत आमच्या समाजसेवा विभागातील भगिनींनी केलेले काम कोणत्याही पदाच्या व्याख्येत बसणारे नव्हते. मुलांच्या तारखांची यादी करावयाची, पोलीस ठाण्यासाठी पत्र तयार करावयाचे, ते पालकांच्या मोबाइलवर पाठवावयाचे, गावातील कोणाची भाजीची किंवा दुधाची गाडी शहराकडे येते का ते विचारावयाचे. ज्यांना येणे अशक्यच होते त्यांच्यासाठी डॉक्टरांनी जवळच्या गावी रक्त तपासून अहवालाचे छायाचित्र मागविण्यास प्रारंभ केला. ते पाहून फोनवर गोळीचे प्रमाण सांगितले जाई, आणि गोळ्या टपालाने जात. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सरकारने २५ मार्च २०२० रोजीच प्रसिद्ध केली होती, त्यामुळे या सल्ल्याला नियमाचा आधार होता. टपाल खात्याने त्या दिवसांत औषधांची पाकिटे पोहोचविण्याचे जे काम केले, त्याची पुरेशी दखल कोणी घेतली नाही असे माझे मत आहे.

गोळ्या टपालाने जातात. मणक्यातून द्यावयाचे इंजेक्शन जात नाही.

आता तापाविषयी. माझ्या समजुतीप्रमाणे साथीने या मुलांची सर्वांत मोठी हानी येथे केली. केमोथेरपीमुळे मुलाच्या पांढऱ्या पेशी घटतात आणि जंतूंशी लढण्याची शक्ती उरत नाही. अशा मुलाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तरी तो तातडीचा प्रसंग समजतात. शक्यतो तासाभराच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. वेळ गेल्यास मूल काही तासांत दगावू शकते. हे आम्ही पालकांना पाठ करून घेत असू : ताप आला की घड्याळ पाहा आणि निघा. २०२० च्या एप्रिलनंतर ताप या शब्दाचा अर्थ सर्वांसाठी बदलला. तापाचा रुग्ण म्हणजे संशयित. त्याला दारातच थांबवावयाचे, नाकातील नमुना घ्यावयाचा आणि अहवाल येईपर्यंत वेगळे ठेवावयाचे. अहवालास एक दिवस लागे, कधी दोन. साथीच्या दृष्टीने तो नियम योग्यच होता. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या दृष्टीने तो घातक होता. शिवाय पालकांना भीती अशी की, ताप सांगितला तर मुलाला कोविड कक्षात टाकतील आणि आईला बाहेर काढतील. म्हणून काहींनी ताप लपविला. त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

यावर आमच्या डॉक्टरांनी काढलेला मार्ग साधा होता. विभागाच्या मागील अंगणात एक तंबू ठोकला. तापाचे मूल आले की तेथेच पीपीई किट घातलेली परिचारिका रक्ताचा नमुना घेई, नाकातील नमुना घेई आणि त्याच क्षणी प्रतिजैविकाचा पहिला डोस देई. मूल कोणत्या कक्षात जावयाचे ते अहवाल आल्यावर ठरे. उन्हाळ्यात त्या तंबूत पाच मिनिटे उभे राहणेही कठीण होते. परिचारिका तेथे पाळीपाळीने तासन् तास राहिल्या. दूरच्या मुलांसाठी रात्री फोन चालत. एका रात्री दुसऱ्या जिल्ह्यातून एका वडिलांचा फोन आला. मुलाला ताप होता आणि गावाजवळच्या दवाखान्यात अहवालाशिवाय हात लावावयास कोणी तयार नव्हते. आमच्या डॉक्टर मॅडमनी फोन तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे देण्यास सांगितला. त्यांना औषधाचे नाव आणि मात्रा सांगितली, लेखी संदेश पाठविला, जबाबदारी आपल्यावर घेतली आणि मग वडिलांना म्हणाल्या, "दादा, आधी सलाइन लावून घ्या. अहवाल मागाहून येऊ द्या." ते मूल आज शाळेत जाते. त्याचे वडील या सभागृहात आहेत आणि त्यांच्या संमतीनेच मी हे सांगत आहे.

खुद्द विषाणूने काय केले, याचेही उत्तर आता उपलब्ध आहे. ४५ देशांतील १,५०० बालरुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कोविड झालेल्या कर्करोगग्रस्त मुलांपैकी सुमारे पाचातील एकाला तीव्र किंवा अतितीव्र आजार झाल्याचे आणि ३.८ टक्के मुले कोविडमुळे दगावल्याचे आढळले. इतर मुलांच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी अधिक आहे. त्याच अभ्यासात, ज्यांची माहिती मिळाली त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या कर्करोगाच्या उपचारांत बदल करावा लागला, असेही नमूद आहे. दुसऱ्या एका पाहणीत ७९ देशांतील २१३ संस्थांकडून माहिती घेतली गेली. त्यांपैकी ४३ टक्क्यांनी अपेक्षेपेक्षा कमी नवे रुग्ण आल्याचे आणि ३४ टक्क्यांनी उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाण वाढल्याचे सांगितले.

भारतातील ४१ कर्करोग केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची आकडेवारी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिली. ही आकडेवारी सर्व वयांच्या रुग्णांची आहे. नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली होती, मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी. प्रशासकाच्या दृष्टीने पाहिले तर रिकामी खाट म्हणजे खर्चात बचत. परंतु टाळेबंदी झाली म्हणून कर्करोग होण्याचे थांबत नाही. जी मुले नोंदवहीत आली नाहीत ती कोठेतरी होतीच. काही महिन्यांनी त्यातील काही आली. गाठ वाढलेली, आजार पसरलेला. डोळ्यातील बाहुली पांढरी चमकते, हे डोळ्याच्या कर्करोगाचे लक्षण आईच्या लक्षात बहुधा लवकर येते. वेळेवर आल्यास कित्येकदा डोळा वाचतो, उशिरा आल्यास डोळा जातो आणि फार उशिरा आल्यास मूल. जी मुले अखेरपर्यंत आलीच नाहीत त्यांची गणना कोणत्याच वहीत नाही.

याच्या उलट बाजूचीही नोंद करावयास हवी. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने टाळेबंदीतही कर्करोगाचे उपचार चालू ठेवले. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तेथे ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी एकाही रुग्णाचा शस्त्रक्रियेपाठोपाठ मृत्यू झाला नाही, हे त्यांनी प्रसिद्ध केले. त्या वृत्ताने आमच्यासारख्या लहान संस्थांना मोठा धीर आला. बालकर्करोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनीही प्रारंभीच सल्ला दिला होता की, सबळ कारण असल्याखेरीज मुलांच्या प्रमाणित उपचारांत बदल करू नये.

रक्ताची चणचण हा वेगळाच अध्याय. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत; त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. महाविद्यालये, कचेऱ्या, कारखाने बंद झाले आणि त्याबरोबर रक्तदान शिबिरेही. २०२० च्या गणेशोत्सवात लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव साजरा केला आणि रक्तदान व प्लाझ्मादान घडवून आणले, हे आपणास स्मरत असेल. आपल्या भागातील लहान मंडळांनीही तो कित्ता गिरविला. २०२१ च्या मे महिन्यात अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुले झाले. त्या वेळी लस घेतल्यावर प्रथम २८ व नंतरच्या नियमाने १४ दिवस रक्तदान करता येत नव्हते, म्हणून आम्ही तरुणांना विनवीत होतो : आधी रक्त द्या, मग लस घ्या. अनेकांनी ऐकले.

डॉक्टरांच्या त्यागाच्या कथा त्या काळात पुष्कळ सांगितल्या गेल्या, थाळ्याही वाजल्या. मला दिसलेल्या गोष्टी अधिक रूक्ष आहेत. आपल्या रुग्णालयातील निवासी डॉक्टर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी असतात. दरवर्षी एक तुकडी बाहेर पडते आणि नवी येते. १८ एप्रिल २०२१ ची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा पुढे ढकलली गेली. ती ११ सप्टेंबरला झाली आणि प्रवेश प्रक्रिया २०२२ च्या जानेवारीत सुरू झाली. देशभर सर्वच शिक्षण-रुग्णालयांत नवी तुकडी वेळेवर आली नाही. जे होते त्यातील काही पाळीपाळीने कोविड कक्षात आणि उरलेल्यांवर सारा विभाग. छत्तीस तासांची पाळी संपवून एक तरुण डॉक्टर माझ्या कार्यालयात रजेचा अर्ज घेऊन आले आणि खुर्चीवर बसल्याबसल्या झोपी गेले. मी त्यांना उठविले नाही. अर्ज मंजूर करण्याजोगी परिस्थितीही नव्हती.

त्याहून जड असे एक काम होते. रोज सकाळी विभागात यादी होई. आज कोणाला केमोथेरपी, कोणाचा डोस आठवडाभर पुढे, कोणाची शस्त्रक्रिया थांबवावयाची. कारण खाटा मोजक्या, रक्त मोजके, भूलतज्ज्ञ अतिदक्षता कक्षात अडकलेले. त्या यादीवर डॉक्टर सही करीत. पुढे वर्षभराने एखाद्या मुलाचा आजार उलटला की आई विचारी, "मॅडम, त्या वेळची तारीख चुकली म्हणून झाले का हो?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर कोणालाही देता येत नाही. तारीख पाळूनही काही मुलांचा आजार उलटतोच. पण सही ज्यांची असते त्यांना तो प्रश्न रात्री पुन्हा ऐकू येतो. आमच्या विभागातील एक अनुभवी डॉक्टर साथ ओसरल्यावर हे क्षेत्र सोडून सर्वसाधारण बालरोगाकडे वळल्या. कारण मी विचारले नाही. बालकर्करोगतज्ज्ञ तयार व्हावयास वैद्यकीय पदवीनंतर किमान सहा वर्षे लागतात. जिल्ह्यांचे जिल्हे असे आहेत की तेथे एकही नाही. त्यातील एक गेल्याने किती मुलांचा प्रवास लांबतो, हे गणित तरी मला येते.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे पैशाकडे, येतो. आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे की, महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. त्यासाठी इतर रुग्णांच्या ढोबळ बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. योजना चांगली आहे. परंतु तिची रचना पाहा. २०२० मध्ये नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या. खासगी व धर्मादाय रुग्णालयांतील ८० टक्के खाटा राज्य शासनाने मे महिन्यात नियंत्रणाखाली घेऊन दर निश्चित केले. ते आवश्यकच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बिले घटली, म्हणून त्यांचे २ टक्केही घटले. त्याच वेळी हातावर पोट असलेल्या सहस्रावधी कुटुंबांची मजुरी बुडाली आणि निर्धनांची संख्या वाढली. म्हणजे गरज जितकी वाढे तितका निधी आटे. पावसाळ्यात गळणारे आणि उन्हाळ्यात कोरडे पडणारे धरण असावे, तशी ही स्थिती होती. देणग्यांचा ओघही स्वाभाविकपणे साथीकडे वळला. व्हेंटिलेटरसाठी विचारणा रोज होत असे. परभणीच्या मुलाच्या गाडीभाड्यासाठी क्वचितच.

शासकीय आरोग्य योजनांतून आज उपचारांचा मोठा भाग भागतो, हे कृतज्ञतापूर्वक सांगतो. परंतु शहरातील दोन वर्षांचे राहणे, बुडालेली मजुरी, ऐनवेळी करावे लागणारे वाहन, रात्री शोधावा लागणारा रक्तदाता, थकलेल्या परिचारिकेच्या जागी महिनाभर नेमावयाची दुसरी परिचारिका, हे त्यात बसत नाही. साथीत साखळी तुटली ती याच कड्यांवर. तज्ज्ञ होते, औषधेही बहुतेक वेळा होती.

म्हणून विश्वस्त मंडळाने बालकर्करोग विभागासाठी स्वतंत्र राखीव निधी उभारण्यास मान्यता दिली आहे. त्याचा विनियोग प्रवास, निवास, रक्त आणि कर्मचाऱ्यांची बदली व्यवस्था एवढ्यासाठीच होईल. इमारत, यंत्र, रंगरंगोटी यांस त्यातून एक रुपयाही मिळणार नाही, आणि त्यावर कोणाच्या नावाची संगमरवरी पाटीही बसणार नाही. ज्यांना पाटी हवी त्यांच्यासाठी रुग्णालयात भिंती पुष्कळ आहेत. धर्मादाय संस्थेने उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी खर्चावा असा प्राप्तिकराचा नियम असला, तरी विशिष्ट प्रयोजन लेखी नोंदवून पाच वर्षांपर्यंत संचय करण्याची मुभा आहे. त्या मुभेनुसार रक्कम टप्प्याटप्प्याने मुदत संपणाऱ्या ठेवींत राहील, म्हणजे कोणत्याही तिमाहीत काही भाग हाती असेल. आपणांस एकच विनंती आहे. देणगीच्या पत्रकावर ‘कायम निधी’ या चौकोनात खूण करू नये. कायम निधीचे केवळ व्याज वापरावयाचे असा आपला परिपाठ आहे, आणि साथीच्या महिन्यात व्याजावर भागत नाही. ‘गरजेनुसार विनियोग’ या चौकोनात खूण करावी.

पालकांपैकी ज्यांच्या मुलांच्या तारखा त्या दोन वर्षांत पुढे गेल्या आणि ज्यांना त्यासंबंधी कागदपत्रे पाहावयाची आहेत, त्यांनी संकोच न करता अभिलेख विभागात यावे. रोजच्या त्या याद्या आम्ही जपून ठेवल्या आहेत. मुलाचे पान पालकांना दाखविले जाईल आणि सोबत एक डॉक्टर बसतील, असे विभागाने ठरविले आहे. सूचना डॉक्टरांचीच होती.

पत्रके आपल्या खुर्च्यांवर ठेवलेली आहेत. भोजनाच्या सुटीत मी लेखा विभागात बसलेला आहे, ज्यांना हिशेब पाहावयाचे असतील त्यांनी अवश्य यावे. आता विभागाच्या मुख्य परिचारिका निवासगृहाच्या कामाची माहिती देतील.